इयरबड कानात बसतच नसेल तर १३ एमएमचं काय करायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शनिवारच्या पुरवणीतलं गॅजेटचं पान मी न चुकता वाचते. मागे एकदा दोन हजारांच्या आतले वायरलेस इयरबड्स कुठले चांगले असा लेख आला होता, त्यात ड्रायव्हर, म्हणजे बडच्या आतला छोटा स्पीकर, किती एमएमचा, बॅटरी किती तास, ब्लूटूथ कुठलं, दहा मिनिटं चार्ज केलं की किती वेळ चालतं हे सगळं व्यवस्थित दिलेलं होतं, पण ते कानात कसे बसतात यावर एक ओळसुद्धा नव्हती. त्या एका ओळीवाचून माझे पैसेही गेले आणि सहा-सात महिने मनस्ताप झाला तो वेगळाच, म्हणून आज लिहायला बसलेय.

मी डोंबिवलीहून दादरला नोकरीला जाते, जाऊन-येऊन अडीच तास रोजचे ट्रेनमध्ये. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी तबला शिकायला लागले. घरी सगळे म्हणाले आता कशाला, पण लहानपणापासूनची इच्छा होती. आमचे गुरुजी रविवारच्या क्लासनंतर आठवड्याचा धडा स्वतः वाजवून रेकॉर्ड करतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, तेही डॉक्युमेंट म्हणून, कारण व्हॉइस नोटमध्ये आवाज दाबला जातो. हा धडा मी ट्रेनमध्ये ऐकते, हातातल्या पर्सवर बोटं चालवत. आधी वायरवाले इयरफोन होते, ते गर्दीत कुणाच्या तरी बॅगेत अडकून तुटायचे, तीन तुटले तेव्हा ठरवलं की आता बिनवायरचेच घ्यायचे.

दुकानात गेले तर पन्नास प्रकार. दुकानदाराने एक सुचवला, १७९९ रुपये, बॉक्सवर मोठ्या अक्षरात १३ एमएम, डीप बास, ५० तास, ईएनसी. मी विचारलं की ट्रेनचा आवाज कमी होईल का, तो म्हणाला हो मॅडम, ईएनसी आहे ना. मी म्हटलं कानाला लावून बघू का, तर म्हणाला सील तोडलं की घ्यावंच लागेल. घेतले.

दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये बसून गुरुजींचा धडा लावला. दिल्ली घराण्याचा अगदी पहिला कायदा (ठरावीक बोलांची रचना), तबला शिकणाऱ्या प्रत्येकाने वाजवलेला असतो, धा धा तिट धा धा तिं ना, ता ता तिट धा धा धिं ना. ज्यांना तबल्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, धा म्हणजे दोन्ही हात, उजव्या हाताने तबल्यावर ता आणि त्याच वेळी डाव्या हाताने डग्ग्यावर, म्हणजे जोडीतल्या खोल आवाजाच्या वाद्यावर, घे. डग्गा काढून घेतला की धा चा ता होतो. आणि मला सगळं ता च ऐकू येत होतं! ता ता तिट ता ता तिं ना आणि पुन्हा तेच ता ता तिट ता ता तिं ना. भरी कुठली (जिथे डग्गा वाजतो) आणि खाली कुठली (जिथे तो थांबतो) काही कळेना, नुसती टकटक. मला वाटलं गुरुजींच्या फोनचा माइक खराब झाला, त्यांना फोनसुद्धा केला, ते म्हणाले बाकीच्यांना तर नीट ऐकू येतंय. घरी येऊन साध्या स्पीकरवर लावलं तर डग्गा होता, चांगला घुमत होता.

दुकानात परत गेले. त्याने स्वतःच्या कानात घालून बघितले आणि म्हणाला मॅडम बास तर जबरदस्त आहे. आता काय बोलणार? ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करायचं डोक्यात आलं होतं पण तक्रार कशाची करणार, वस्तू बिघडलेलीच नव्हती, त्याच्या कानात ती खरंच चांगली वाजत होती.

मग मी तशीच वापरत राहिले, आवाज वाढवून. काही महिन्यांनी भाचा घरी आला होता, त्याला या गोष्टींची फार आवड. मी सहज सांगितलं तर तो म्हणाला मावशी गाणं चालू कर आणि दोन्ही बड बोटाने हलकेच आत दाबून धर. मी दाबले आणि डग्गा आला. बोट काढलं, गेला. पुन्हा दाबलं, आला. मी चार-पाच वेळा तेच करत बसले, डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं, कारण इतके दिवस मी जो धडा ऐकला होता तो अर्धाच होता.

कारण अगदी साधं आहे. कानातला स्पीकर एवढासा, तो काही खोलीभर हवा हलवत नाही, कानाची नळी बंद झाली की आत जी चिमूटभर हवा अडकते तिला तो दाबतो आणि सोडतो, त्यातून बास तयार होतो. कडेने फट राहिली की हा दाब निसटतो, म्हणजे कुकरची रिंग सैल असली की गॅस कितीही मोठा करा शिट्टी होत नाही तसंच. आणि निसटतो तो मुख्यतः खालचा आवाज, साधारण २०० हर्ट्झच्या खालचा, डग्गा, पखवाज, तंबोऱ्याचा खर्ज. वरचा आवाज, म्हणजे तबल्याच्या काठावरची चाट, झांजा, गाण्यातल्या ‘स’चा उच्चार वगैरे, तो फटीला जुमानत नाही, त्यामुळे सगळं किरटं वाटतं आणि माणूस म्हणतो कंपनी बकवास आहे. ड्रायव्हर १० एमएमचा असो नाहीतर १३, फटीपुढे त्याचं काही चालत नाही. तो एलडॅक का काय म्हणतात, ब्लूटूथवरून जास्त चांगला आवाज पाठवायचा प्रकार, त्याचंही तेच.

बॉक्समध्ये बडच्या टोकाला लावायच्या रबराच्या तीन जोड्या होत्या, एस, एम, एल, आणि कंपनीने आधीच एम लावून दिलेल्या. मी त्या पिशवीला हातही लावला नव्हता, मला वाटलं हे जादाचे, हरवले तर असावेत म्हणून दिलेत. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना अजूनही तसंच वाटतं, विचारून बघा. आम्ही एस लावून बघितले, डावा एकदम घट्ट बसला, उजवा तरी सुटत होता. दोन्ही कान सारखे नसतात हे मला तेव्हा कळलं. बायकांच्या कानाची नळी सरासरीने पुरुषांपेक्षा लहान असते, माझ्या ऑफिसमधल्या चार-पाच जणींची हीच रड, मोठं रबर आत जातच नाही, नुसतं तोंडाशी टेकून राहतं आणि दोन स्टेशनं गेली की दुखायला लागतं किंवा बोलताना जबडा हलला की बाहेर येतं. भाच्याने त्याच्या एका जुन्या सेटचे एक्सएस आणून दिले. उजव्याला एक्सएस, डाव्याला एस, आणि घालताना दुसऱ्या हाताने कान जरा वर आणि मागे ओढायचा म्हणजे नळी सरळ होते, मग बड थोडा फिरवून बसवायचा. हे कुणी सांगत नाही हो, माहितीपत्रकात एवढंसं चित्र असतं ते भिंगातून बघावं लागतं.

महागड्या कंपन्यांना हे कळलेलं आहे. अ‍ॅपलने २०१६ साली पहिले एअरपॉड्स आणले त्याला रबर नव्हतंच, ज्याच्या कानात बसले त्याच्या बसले. २०१९ च्या प्रो मॉडेलला तीन साइजची रबरं आणि ती नीट बसली की नाही ते तपासायची फोनवर टेस्ट, २०२२ च्या मॉडेलला एक्सएसही आलं. सोनीने २०२१ साली मऊ फोमच्या टिप्स दिल्या, बोटाने चुरगाळून घातल्या की आत फुगून कानाचा आकार घेतात. पण ही सगळी वीस-पंचवीस हजारांची दुनिया, ट्रेनमध्ये माझ्या डब्यातल्या बहुतेक जणींकडे हजार ते दोन हजारांचेच असतात. रबराच्या एका जास्तीच्या जोडीला असा किती खर्च येतो?

मी हे फक्त गाण्याबिण्यासाठी सांगत नाहीये. फट असली की बाहेरचा सगळा खडखडाट आत येतो, मग आपण काय करतो, आवाज वाढवतो. मी ९० टक्क्यांवर ऐकत होते, घरी येईपर्यंत कानात शीऽ असा आवाज यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगितली आहे ती ८० डेसिबलला. ९० डेसिबलला तीच मर्यादा ४ तासांवर येते. चारच तास, आठवड्याला! माझे ९० टक्के म्हणजे नेमके किती डेसिबल ते मला माहीत नाही, पण माझे ट्रेनमधलेच पंधरा तास होतात. रबर बदलल्यावर त्याच ट्रेनमध्ये मला ५० टक्क्यांवर सगळं स्पष्ट ऐकू येतं आणि कानातला तो आवाजही बंद झाला.

त्या ईएनसीबद्दलही सांगते कारण त्यात खूप जण फसतात. ईएनसी म्हणजे आपण फोनवर बोलताना समोरच्याला आपल्याकडचा गोंगाट कमी ऐकू यावा म्हणून माइकसाठी केलेली सोय. आपल्या कानात येणारा आवाज कमी करतं ते एएनसी, ते वेगळं, आणि तेसुद्धा पंखा, इंजिन, एसी असली सलग घरघर कमी करतं, शेजारचीच्या गप्पा नाही. आणि बड सैल असेल तर एएनसीही धड चालत नाही. एका अक्षराचा फरक आहे पण दुकानदार सरसकट दोन्ही एकच म्हणून सांगतात.

माझ्या आईचं मात्र वेगळं आहे. तिला कान बंद झालेला सहनच होत नाही, चावलेलं डोक्यात वाजतं म्हणते, स्वतःचा आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटतो, नळी बंद केली की सगळ्यांनाच थोडंफार तसं होतं. तिला बिनरबराचे, नुसते कानात टेकणारे घेऊन दिले, घरात शांतता असते त्यामुळे कीर्तन छान ऐकते. बास कमी असतो पण तिची तक्रार नाही. म्हणजे सगळ्यांनी रबराचेच घ्या असं माझं म्हणणं नाहीये, कुणाला कुठला बसेल ते घेण्याआधी कळलं पाहिजे एवढंच.

आणि सैल बडचा अजून एक प्रकार मी डोळ्यांनी बघितलाय. घाटकोपरला संध्याकाळच्या गर्दीत एका मुलाचा बड कानातून निसटून रुळांवर पडला, वायर नाही त्यामुळे लटकणार कशाला, आणि तो पोरगा खाली उतरायला वाकला. मागच्या दोघांनी त्याची सॅक धरून ओढला त्याला, अर्ध्या मिनिटात फास्ट गाडी गेली. स्वस्तातल्यांचा एक बड सुटा सहसा मिळत नाही, अख्खा सेट घ्यावा लागतो, म्हणून पोरं असा जीव टाकतात. त्या दिवशी मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

आता माझी विनंती. चपलेच्या दुकानात सहाचा होतो की सातचा होतो ते घालून, चार पावलं चालून बघतो, चष्म्याचा नाकावरचा भाग दुकानदार वाकवून बसवून देतो, मग कानात तासन्‌तास घालायची वस्तू न घालता का घ्यायची? स्वच्छतेचं कारण देतात, ते मला मान्य आहे, दुसऱ्याच्या कानातलं मीही घालणार नाही. पण प्रत्येक मॉडेलचा एकच डेमो पीस आणि धुता येणारी चार साइजची रबरं, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी केली, की झालं. कंपन्यांनी बॉक्सवर रबराचं माप एमएममध्ये छापावं, जसं ड्रायव्हरचं छापतात, आणि सुटी रबरं विकावीत. स्टेशनबाहेर मिळतात त्यातली काही मी आणून बघितली, एकाचं भोक मोठं, एक इतकं लांब की चार्जिंगच्या डबीचं, म्हणजे केसचं, झाकणच लागेना आणि बड आत नीट बसला नाही तर चार्ज कसा होणार.

आणि तुम्हाला विनंती अशी की गॅजेटच्या पानावर परीक्षण लिहिताना कुठल्या साइजच्या रबरावर ऐकलं ते लिहा, शक्य असेल तर एखाद्या बाईलाही घालून बघायला द्या, तासभर घालून दुखतं का, जिना चढताना सुटतं का ते लिहा. ५० तास बॅटरी ही चार्जिंगच्या केसमधली बॅटरी धरून असते, तेही लिहा. आणि एकदा फक्त रबरावर, म्हणजे साइज कसा निवडायचा, धुवायचं कसं, जाळीत मळ अडकून एका बाजूचा आवाज बारीक होतो तेव्हा टाचणी न घालता कोरड्या मऊ ब्रशने कसं साफ करायचं, एवढंच सांगणारा अर्ध्या पानाचा लेख छापा. बऱ्याच जणांचे बिघडले म्हणून कपाटात टाकलेले बड त्या दिवशी परत बाहेर निघतील.

परवा गुरुजींनी त्याच कायद्याचे चार पलटे, म्हणजे त्याच बोलांची फिरवाफिरव, पाठवलेत. ठाणे ते कुर्ला, तिसरा पलटा, आणि खालीनंतर डग्गा परत येतो ती जागा मला आता न चुकता सापडते.

आपली,
एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)