एक उच्चार, दोन शब्द
महोदय,
इंग्रजीतल्या ‘क्लीव्ह’ या क्रियापदाचे फोडणे आणि चिकटणे असे परस्परविरोधी अर्थ पाहून विद्यार्थी गोंधळतात. मुळात हे दोन वेगळे शब्द. जुन्या इंग्रजीत ‘क्लेओफान’ म्हणजे फोडणे, ‘क्लिफिअन’ म्हणजे चिकटणे. उच्चार झिजता झिजता दोन्ही एकसारखे झाले. कोशात त्यांच्या नोंदी स्वतंत्रच हव्यात. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये पुरुष पत्नीला ‘क्लीव्ह’ होतो, तो जडून राहण्याच्या अर्थाने. आता हा अर्थ मागे पडला आहे. फोडण्याचा अर्थ मात्र खाटकाच्या ‘क्लीव्हर’मध्ये आणि दुभंगलेल्या टाळूच्या ‘क्लेफ्ट’मध्ये टिकून आहे. लसणाची पाकळी, म्हणजे ‘क्लोव्ह’, हीदेखील त्याच कुळातली. लवंगेचा ‘क्लोव्ह’ मात्र खिळ्याच्या लॅटिन नावावरून आलेला, त्याचा इथे काही संबंध नाही!
— एक वाचक, पुणे