बोअर पुनर्भरणालाही नियम हवेत

जत, कवठेमहांकाळ भागात पावसाळ्यात ओढ्याचं पाणी बोअरमध्ये सोडून पुनर्भरण केलं जातं, म्हणजे ते जमिनीखाली मुरवलं जातं. काम चांगलंच आहे. पण कित्येक जण पाणी गाळणारा वाळू-खडीचा शोषखड्डा न करता पाइप थेट केसिंगमध्ये (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या नळीत) सोडतात. द्राक्षबागेतल्या खता-औषधांसकट गढूळ पाणी काळ्या खडकाच्या भेगांत उतरतं आणि तेच शेजारच्या वस्तीच्या हापशाला येऊ शकतं. भेगांतलं पाणी एकदा नासलं की सुधारणं फार अवघड! शिवाय एकानं मुरवायचं नि दुसऱ्यानं पाचशे फुटी बोअर मारून प्लॅस्टिकच्या शेततळ्यात भरून ठेवायचं, हे कुठवर चालणार? २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा (सुमारे दोनशे फुटांपेक्षा) खोल खोदाईला मनाई आहे. तिची अंमलबजावणी करा. पुनर्भरणाच्या प्रत्येक बोअरची ग्रामपंचायतीत नोंद आणि दर पावसाळ्यानंतर हापशांची पाणीतपासणी सक्तीची करा.

– एक द्राक्षबागायतदार, कवठेमहांकाळ (जि. सांगली)