‘शीख समाजाने निषेध केला नाही’ हे वाक्य मागे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतले, १९८० च्या दशकात पंजाबात सशस्त्र चळवळ चालवणारे शीख धर्मप्रचारक भिंद्रनवाले यांच्यावरचे दोन्ही लेख वाचले. काल दिवसभर डोक्यातून गेले नाहीत, म्हणून आज लिहायला बसलो. डावीकडच्या लेखात ‘ते’, उजवीकडच्या लेखात ‘तो’. इकडे संत, तिकडे दहशतवादी आणि मध्ये एक उभी रेघ. लेखकांच्या मतांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते उजवीकडच्या लेखातल्या एका वाक्याशी : ‘शीख समाजाने त्याचा कधी निषेध केला नाही.’

हे धादांत खोटे आहे. २५ एप्रिल १९८३ रोजी दरबार साहिबात, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिरात, माथा टेकून, हातात प्रसाद घेऊन बाहेर पडताना ज्यांना गोळ्या घातल्या गेल्या ते पोलीस उपमहानिरीक्षक अवतारसिंग अटवाल शीख होते. त्याच आवारातल्या अकाल तख्तात, शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठात, शस्त्रे नेली म्हणून उघड बोलणारे वृद्ध ग्यानी प्रतापसिंग एकेकाळी त्याच तख्ताचे जथेदार, म्हणजे प्रमुख होते. त्यांना मे १९८४ मध्ये अमृतसरात मारले. ‘प्रीतलडी’ या पंजाबी मासिकाचे तरुण संपादक सुमीतसिंग त्याच वर्षी मारले गेले. राजीव गांधींशी करार करणारे अकाली दलाचे नेते संत लोंगोवाल ऑगस्ट १९८५ मध्ये. हे सगळे शीख. १९७९ च्या गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या निवडणुकीत भिंद्रनवाल्यांनी उभे केलेले बहुतेक उमेदवार शीख मतदारांनीच पाडले होते. निषेध करणाऱ्यांची प्रेते पडत होती आणि तुमचे लेखक लिहितात, निषेध झाला नाही.

बँकेच्या नोकरीत मी १९८२ ते १९८५ जालंधरला होतो. माझे घरमालक लष्करातले निवृत्त सुभेदार. सगळे त्यांना दारजी म्हणत, मीही म्हणायचो. १९६५ च्या पाकिस्तान युद्धात ते पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईत होते. तिथे डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे नेतृत्व करणारे अरुण वैद्य मराठी, म्हणून मीही त्यांना जवळचा. वेहड्यात (अंगणात) मंजीवर, म्हणजे खाटेवर बसून रणगाड्यांची ती गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल. घरात वडीलधाऱ्या बीजी होत्या आणि दारजींचा पुतण्या होता, बाविशीतला. त्याने भिंद्रनवाल्यांचे प्रवचन ऐकून दारू सोडली, अमृत छकले (शीख दीक्षा घेतली), केस राखले. डावीकडच्या लेखात व्यसनमुक्तीबद्दल जे लिहिले आहे ते खरे आहे, मी डोळ्यांनी पाहिले आहे. बसस्टँडवर भाषणांच्या कॅसेट मिळत, त्या तो आणायचा. दारजी घरात असले की टेप बंद. या माणसाने गुरूच्या घरात बंदुका आणल्या, त्याचा आवाज माझ्या घरात नको, असे ते सरळ म्हणत. त्यावरून जेवणाच्या ताटावर भांडणे होत.

५ ऑक्टोबर १९८३ ला ढिलवांजवळ बस अडवून सहा हिंदू प्रवाशांना वेगळे काढून मारले. दुसऱ्या दिवशी राष्ट्रपती राजवट लागली. माझी एक शाखा त्याच रस्त्यावर होती, शनिवारी हिशेब बघायला जावे लागे. दारजींनी मला एकट्याला जाऊ द्यायचे नाही असे ठरवले आणि पुतण्याला बरोबर धाडले. पुढचे कित्येक शनिवार तो निळी पगडी बांधून बसमध्ये माझ्या शेजारी, दाराच्या बाजूला बसत असे. “कोणी चढलं तर तू बोलायचं नाहीस, मी बोलेन,” एवढेच त्याने पहिल्या दिवशी सांगितले. खिशात कॅसेट त्याच आवाजाची. संपादक महाशय, याला तुमच्या रेघेच्या कोणत्या बाजूला बसवू?

मग ३ जून १९८४. गुरू अर्जनदेवांचा शहीदी दिवस, दरबार साहिबात यात्रेकरू, बाहेर लष्कर, आणि राज्यभर संचारबंदी. फोन बंद, गाड्या बंद, वर्तमानपत्र नाही. आम्ही ट्रान्झिस्टरवर बीबीसी लावून बसलो होतो. आत भिंद्रनवाल्यांच्या बाजूने माजी लष्करी अधिकारी शाबेगसिंग, ज्यांनी १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीला शिकवले आणि ज्यांना निवृत्तीच्या तोंडावर बडतर्फ केले गेले. बाहेर हल्ल्याचे नेतृत्व जनरल ब्रार यांच्याकडे, तेही शीख. आणि सगळ्यांच्या वर लष्करप्रमुख वैद्य. अकाल तख्तावर रणगाड्याचे गोळे पडले हे कळले तेव्हा दारजींनी दोन दिवस अन्न घेतले नाही. तिसऱ्या दिवशी काळी पगडी बांधली. पुतण्याला वाटले काका आता आपल्या बाजूला आले, आणि त्याने भिंतीवर लावायला भिंद्रनवाल्यांचा फोटो आणला. दारजींनी तो लावू दिला नाही. काळी पगडी मात्र मी जालंधर सोडेपर्यंत उतरली नाही.

बदली होऊन मी पुण्यात आलो. १० ऑगस्ट १९८६ ला कॅम्पात, पत्नीसह बाजारातून परतताना जनरल वैद्य यांना गाडीतच मारले. साताठ दिवसांनी मला दारजींचे पोस्टकार्ड आले, गुरुमुखीत. गुरुमुखी मला बीजींनी शिकवली होती, ग्रंथसाहिबातला आपल्या नामदेवांचा एक शबद (पद) पुढ्यात ठेवून. कार्डावर चारच ओळी होत्या. तुझ्या गावात आमच्या पोरांनी हे केले, मला तोंड दाखवायला जागा नाही. असल उत्तरचा माझा साहेब गेला. घरच्यांना माझ्यातर्फे भेट. जूनमधली जखम त्यांच्या उरात तशीच होती हे मला ठाऊक होते. तरी त्यांनी हे लिहिले. वैद्य यांच्या घरी जाण्याइतकी माझी ओळख नव्हती, म्हणून तो निरोप मी पोहोचवू शकलो नाही. त्याची खंत आजही आहे.

पुतण्या १९८७ च्या हिवाळ्यात घरातून गेला तो परत आला नाही. पोलिसांनी नेला की त्याच्याच साथीदारांनी, हे दारजींना मरेपर्यंत कळले नाही. बीजी बरीच वर्षे त्याच्या नावाचे ताट वाढून ठेवत, असे नंतर तिकडे गेलो तेव्हा शेजाऱ्यांनी सांगितले.

आणखी एक. दोन्ही लेखांच्या वर तुम्ही नांदेडच्या हुजूर साहिबचा फोटो छापला आहे. हे प्रकरण अमृतसरचे आहे. नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला, शिखांच्या पाच तख्तांपैकी ते एक. बंदुकांच्या मजकुरावर ते चित्र टाकल्याने आपल्याच राज्यातल्या, मराठी बोलणाऱ्या शिखांना काय वाटले असेल? चूक कबूल करून चार ओळींचा खुलासा पहिल्या पानावर द्यावा.

गेल्या ऑगस्टात जनरल वैद्य यांच्या स्मृतिदिनी मी याच पोस्टकार्डाबद्दल तुम्हाला पत्र पाठवले होते. ते छापून आले नाही, पोचही मिळाली नाही. या वेळी कार्डाची झेरॉक्स आणि मराठी भाषांतर सोबत जोडले आहे. जागा कमी पडत असेल तर वरची नावे आणि तारखा कापा, दारजींच्या चार ओळी कापू नका.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड, पुणे
(नाव व पत्ता कळवला आहे, छापू नये.)