गाणं जोडायचं तर आधी नाणं नीट पाहावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्राचीन नाण्याला शोभेल असं एखादं आवडतं गाणं शोधायचं, या छंदाबद्दल आपल्या रविवार पुरवणीत आलेला मजकूर आवडीने वाचला. आम्ही काही नाणेप्रेमी मित्र हा खेळ मनापासून खेळतो. त्याला कुणी पोरखेळ म्हणू नये, एवढ्यासाठी हे पत्र. गाणं शोधायच्या निमित्ताने नाणं जितकं बारकाईने पाहिलं जातं, तितकं एरवी क्वचितच पाहिलं जातं. मात्र ते गाणं नाण्यावर जे दिसतं त्यातूनच सुचायला हवं. पैसा, सोनं, चांदी असे शब्द असलेलं गाणं कुठल्याही नाण्याला चालतं. म्हणजेच ते कुठल्याच नाण्याचं नसतं.

सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यावरचं दोन डोलकाठ्यांचं जहाज पाहिलं, की बहुतेकांच्या ओठांवर ‘मी डोलकर, डोलकर, डोलकर दर्याचा राजा’ येतं. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आणि लता मंगेशकर, हेमंतकुमार यांचे आवाज. या गाण्याला नको कोण म्हणेल? पण ही जहाजाची नाणी पूर्व किनाऱ्याकडची, आणि गाणं पश्चिमेच्या कोळ्यांचं. शिवाय हे जहाज मासेमारीचं नाही. सातवाहनांच्या समुद्रव्यापाराची खूण म्हणून अभ्यासक त्याकडे पाहतात. महिनोन् महिने परतणार नाही अशा माणसाची वाट पाहणारं गाणं त्याला जास्त जवळचं, असं माझं मत आहे.

आमच्यात सर्वांत जास्त वाद झाला तो जोगळटेंभीच्या नाण्यांवरून. नाशिकजवळच्या या गावी 1906 साली चांदीच्या 13 हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजाची, पण त्यांतल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. नहपानाला हरवल्यावर ती वितळवत न बसता त्याने त्यांच्यावरच एका बाजूला कमानींचा चैत्य (एकावर एक रचलेल्या कमानींची खूण) आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (चारही टोकांना वर्तुळं असलेली अधिकची खूण) उमटवलं. असं एखादं नाणं मोठं करून पाहा. चैत्याच्या कमानींच्या आडून कुठे नहपानाचं नाक डोकावतं, कुठे हनुवटी, तर कडेला ग्रीक लिपीतल्या अक्षरांचे अर्धेमुर्धे तुकडे उरलेले असतात. जुना ठसा पुरता पुसला गेलेला नाही आणि नवाही पुरता बसलेला नाही.

मला लगेच नाट्यसंगीत आठवलं. जुन्या चिजांच्या आणि लावण्यांच्या चालींवर आपल्याकडे कितीतरी पदं बांधली गेली. मूळ चीज ज्याच्या कानात आहे, त्याला पद ऐकताना ती खालून ऐकू येत राहते. मी खूश होतो. पण एका मैत्रिणीने हरकत घेतली. ती म्हणाली, नाट्यपद जुन्या चालीचा मान राखतं. सातकर्णीने ठसा मारला तो नहपानाचं राज्य संपलं हे हातोहाती पोचवायला. तिने जोडी लावली ती जुन्या गाण्यावर दणदणीत ठेका चढवलेल्या रिमिक्सशी. मला रिमिक्स आवडत नाहीत, तरीही तिचंच बरोबर आहे. ठसा कुणी आणि का मारला, हे मीही तोवर गाण्याच्या दृष्टीने पाहिलं नव्हतं.

वायव्य भारतावर राज्य करणाऱ्या मिनँडर या ग्रीक राजाच्या चांदीच्या नाण्यांना द्वंद्वगीतच हवं. एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत, आणि दोन्हीकडे मजकूर तोच: तारणहार राजा मिनँडर याचं नाणं. एकच ओळ आधी त्याने आणि मग तिने म्हणावी, तसं.

समुद्रगुप्ताच्या वीणावादक सोन्याच्या नाण्याला लोक सतारीचं किंवा वीणेचं गाणं जोडतात. तिथे जरा थांबावं. राजाच्या मांडीवरची वीणा धनुष्यासारखी वाकलेली आहे. आजच्या सरस्वती वीणेपेक्षा ती हार्पच्या जवळची. दुसरं म्हणजे, इतर नाण्यांवर धनुष्य, परशू घेऊन उभा राहणारा हा राजा इथे उघड्या अंगाने आसनावर निवांत बसला आहे. त्याच्यासाठी दरबारी थाटाचं काही नको. रात्री घरात हळू आवाजात म्हणावं असं एखादं भावगीत पुरे.

आणि फॉस्टिना. रोमन सम्राट अँटोनायनस पायस याची ही पत्नी इ.स. 140 च्या सुमारास वारली. तिच्या नावाची, तिच्या चेहऱ्याची नाणी त्याने त्यानंतरही पाडली, थेट 161 मध्ये स्वतः जाईपर्यंत. त्यात राजकारण होतंच, सम्राटाच्या घराण्याला देवत्व देण्याचा तो रिवाज होता. पण वीस वर्षं! केसांचा तोच उंच अंबाडा, तोच शांत चेहरा, आणि मागे कधी ‘शाश्वतता’ हा शब्द, कधी मोर. कुठलंही चांगलं विरहगीत लावून हे नाणं समोर ठेवा, इतिहासाची पानं चाळून जे कळत नाही ते कळतं.

म्हणून विनंती अशी, की पुरवणीत दर आठवड्याला एका नाण्यासाठी छोटी जागा द्यावी. नाण्याच्या दोन्ही बाजू छापाव्यात (बहुतेक ठिकाणी एकच छापतात, आणि निम्मं नाणं तिथेच हरवतं), राजा, काळ, धातू आणि वजन द्यावं. वाचकांनी गाणं कळवताना नाण्यावरच्या कोणत्या खुणेवरून ते सुचलं हेही लिहावं. ते नसेल तर पत्र छापू नये. सुरुवात अथेन्सच्या घुबडापासून करता येईल: सुमारे 17 ग्रॅम चांदी, एका बाजूला अथेना देवी, दुसरीकडे घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि इवलीशी चंद्रकोर. चंद्राची गाणी ढिगाने येतील. पण ते घुबड चंद्राकडे पाहत नाही, मान वळवून सरळ आपल्याकडे पाहतं. त्या नजरेला साजेसं गाणं मला अजून सापडलेलं नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाला सुचलं तर वाचायची फार उत्सुकता आहे.

आपला,
एक नाणेप्रेमी वाचक