पाळणाघरातील ताईंची पगारी रजा

महोदय,

२०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात सुधारणा होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. परंतु तेथे मूल सांभाळणाऱ्या स्त्रीला स्वतःसाठी किती वेळ मिळावा, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. आमच्या भागातील खासगी पाळणाघरांत अर्धवेळ काम करणाऱ्या ताई सलग चार-पाच तास मुलांना कडेवर घेतात, वरणभात भरवतात, लंगोट बदलतात आणि दुसरी बाई येईपर्यंत त्यांना स्वच्छतागृहातही जाता येत नाही. मुलांचा सर्दी-ताप त्यांना लागला आणि त्यांनी रजा घेतली, तर त्या दिवसाचा पगार कापला जातो, म्हणून त्या आजारपणातही कामावर येतात. यात लहानग्यांचेही नुकसान आहे, हे संचालकांच्या लक्षात कसे येत नाही? पगारी रजा नसताना ‘तब्येतीला जपा’ हा सल्ला पोकळच ठरतो. पालक म्हणून आम्ही थोडे अधिक शुल्क द्यायला तयार आहोत. मात्र त्यातून बदली ताईची सोय व्हावी आणि हक्काची विश्रांती व कामाच्या तासांच्या प्रमाणात पगारी रजा नेमणूकपत्रात लेखी नमूद असावी.

– एक पालक, डोंबिवली