हॅरी-सॅलीचा पिक्चर म्हणजे फक्त तो एक सीन नाही!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत 'व्हेन हॅरी मेट सॅली' वर लेख बघून आधी खूप बरं वाटलं, 1989 चा पिक्चर, आता कोण आठवण काढतंय म्हणून चहा बाजूला ठेवून वाचायला घेतला तर पाऊण लेख त्या एकाच हॉटेलातल्या सीनवर. सीन भारीच आहे, वाद नाही. मॅनहॅटनच्या कॅट्झ डेलीत भर गर्दीत सॅली झालेली मेग रायन हॅरी झालेल्या बिली क्रिस्टलला शरीरसुखाच्या परमोच्च क्षणाचं जे 'नाटक' करून दाखवते आणि मग शेजारच्या टेबलवरची बाई वेटरला सांगते, हिने जे घेतलंय तेच मला द्या (ही बाई म्हणजे दिग्दर्शक रॉब रायनरची सख्खी आई, एस्टेल रायनर, हे मात्र लेखात नव्हतं). त्या टेबलवर अजून पाटी लटकते, लोक तिथे बसून फोटो काढतात, सगळं ठीक. पण पिक्चर तेवढाच आहे का?

माझी खरी तक्रार वेगळीय. लेखात रायनरचं कौतुक पाच-सहा वेळा आणि नोरा एफ्रनचं नाव एकदाच, तेही कंसात! अहो पिक्चरभर हॅरी आणि सॅली नुसती बोलतात, गाडीत बोलतात, विमानात बोलतात, रात्री आपापल्या घरी पलंगावर पडून फोनवर बोलतात, ना मारामारी ना व्हिलन, मग ते बोलणं लिहिलं कोणी? पटकथेसाठी ऑस्करचं नॉमिनेशन एफ्रनबाईंनाच होतं.

सॅलीची ती ऑर्डर आठवा. ॲपल पाय गरम हवा, आइसक्रीम वर नको बाजूला हवं, व्हॅनिला नको स्ट्रॉबेरी असेल तर द्या, नसेल तर आइसक्रीमच नको, व्हिप्ड क्रीम द्या पण खरं असेल तरच, डब्यातलं असेल तर काहीच नको. वेटर विचारते पायसुद्धा नको? तर नाही, पाय द्या पण मग गरम नको. एफ्रनबाई स्वतः अश्शाच ऑर्डर द्यायच्या, रायनरने जेवताना ते ऐकलं आणि म्हणाला हे पिक्चरमधे घ्यायचंच. पुढे कितीतरी वर्षांनी विमानात त्यांची ऑर्डर ऐकून एअर होस्टेसनेच त्यांना विचारलं, तुम्ही 'व्हेन हॅरी मेट सॅली' बघितलाय का? हा किस्सा त्या स्वतःच सांगायच्या. हॅरीचा कडवटपणा मात्र रायनरचा, त्याचा तेव्हा घटस्फोट झालेला होता.

आणि लेखिकेने शेवट 'अपेक्षित' म्हटलाय. आधी तो तसा नव्हताच हो, दोघं आपापल्या वाटेने जाणार असं ठरलेलं, पण शूटिंगच्या काळात रायनरला मिशेल सिंगर (पुढे त्याची बायको) भेटली आणि शेवट बदलला. म्हणून 31 डिसेंबरच्या रात्री हॅरी धावत येतो आणि सांगतो, बाहेर 71 डिग्री असताना तुला थंडी वाजते ते मला आवडतं. 71 फॅरेनहाइट बरं का, म्हणजे साधारण 22 सेल्सियस, आपल्याकडे एवढ्यात पंखा लावतात. आता मला सांगा यात 'आय लव्ह यू' पेक्षा कमी काय आहे?

आणि जाता जाता, लेखात ॲपल पायच्या जागी 'सफरचंदाचा केक' छापलाय. सॅलीने वाचलं असतं तर अख्खी पुरवणी परत पाठवली असती.

आपला एक जुना वाचक,
डोंबिवली