आळेफाट्याच्या पाटेवाल्या चाचांना

चाचा, सलाम.

तोंडावर आभार मानले की तुम्ही “चल, चहा पी” म्हणून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आमच्या ओतूरकडच्या टोमॅटोवाल्यांनीही वाचावं. मी घातला तो घोळ रस्त्यावरच्या बऱ्याच पिकअपांत दिसतो.

माझी गाडी माल भरला की मागून बसायची आणि नाक वर करायची. कल्याणला जाताना माळशेज उतरायचा तर स्टिअरिंग हलकं लागायचं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. ट्रकवाले डिपर मारून मारून थकायचे. वर ती डावीकडे कललेली. मग एका ठिकाणी मागे दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, टाकून घेतला. परतीला रिकामी गाडी घाटाच्या वळणांवर बोकडासारखी उड्या मारू लागली. एकदा आई सोबत होती, तिने घाट चढून वर आल्यावर “पुढच्या वेळी मी एसटीनं जाईन” असं सांगूनच टाकलं. आणि भरल्यावरचा कल होता तो होताच. म्हणून तुमच्याकडे आलो ते एकच मागणं घेऊन: आणखी एकेक पाटा वाढवा.

तुम्ही पान्याला हातसुद्धा लावला नाहीत. “उद्या माल भरून काट्यावर ये,” एवढंच. मला वाटलं, म्हातारा टाळतोय. दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर तुम्ही खिशातून टेप काढलीत आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मापं घेऊन खडूने दारावर लिहिलीत. मागच्या डाव्या-उजव्यात 3 सेंटिमीटरचा फरक. मग नुसती पुढची चाकं काट्यावर घ्यायला लावलीत, नंतर अख्खी गाडी. 70 कॅरेट, 20 किलोचं एक, वर रिकाम्या कॅरेटचं वजन, म्हणजे दीड टनाच्या पुढे. गाडी पास 1.7 टनाला, तेव्हा ओव्हरलोड नव्हती. पण पुढच्या चाकांवर भारच नव्हता! केबिनच्या मागे दोरखंड, ताडपत्री, जॅक असं सगळं टाकायला मी हातभर जागा सोडायचो आणि कॅरेट मागच्या फाळक्यापर्यंत रेटायचो. मागच्या चाकांच्याही मागे गेलेलं ओझं पुढचं नाक उचलतं, हे तुम्ही फळीखाली वीट ठेवून दाखवलंत. कॅरेट पुढे सरकवले, काटा पुन्हा बघितला. एक रुपया खर्च न होता निम्मं काम तिथेच झालं.

डावा कल मात्र पाट्यातच होता. दुसऱ्या नंबरचा पाटा, सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी चिरलेला, आणि पाटे एक्सलला आवळणाऱ्या यू बोल्टच्या प्लेटखाली दडलेला. बाहेरून कोणालाच दिसला नसता. माझा जाड पाटा त्याच्यावर ओझं टाकून बसला होता, दुखणं झाकून. नवीन पाटा टाकताना तुम्ही उजवीकडचाही बदललात. एका बाजूला नवी कमान अन् दुसरीकडे दमलेली, म्हणजे गाडी पुन्हा तिरकी.

जाड पाटे काढा म्हणालात तेव्हा मी वाद घातला, कबूल करतो. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने नंतर हिशोब सांगितला: पाटा दीडपट जाड झाला तर ताठपणा तीन पटींहूनही वाढतो, कारण जाडीचा घन होतो. तुम्ही तेच “रिकाम्या गाडीला पहिलवानाचा लंगोट कशाला” असं म्हणाला होतात. त्याऐवजी हेल्पर पाटा सुचवलात, जो रिकाम्या गाडीला सुटा राहतो आणि भार आल्यावरच टेकतो. पाट्यांना आधार म्हणून बसवतात त्या हवेच्या फुग्यांचं विचारलं तर म्हणालात, वाईट नाहीत, पण खालचे पाटे धड असले तरच; आणि दोन्ही बाजूंची हवा रोज बघायचा आळस तुझ्यात आहे. खरंय. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) टाकून गाडी उचलायच्या कल्पनेवर तर तुम्ही बोललाच नाहीत, नुसतं बघितलंत.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, ती गोष्ट वेगळी. गाडीखाली झोपवून तुम्ही मला चेसिसपासून मागच्या एक्सलला आलेली बारीक सळई दाखवलीत. गाडी भाराने बसली की ती सळई ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हला कळवते आणि मागच्या ब्रेकला जादा दाब मिळतो. पाटे वाढवून गाडी वर धरून ठेवली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे, मग दाब कमी. म्हणजे गेला महिनाभर मी दीड टन टोमॅटो घेऊन माळशेज उतरत होतो, आणि मागचे ब्रेक हात राखून लागत होते. त्या रात्री मला झोप आली नाही, चाचा. नवी उंची ठरल्यावर तुम्ही त्या सळईचं मापही पुन्हा लावून दिलंत. ते मी मागितलंच नव्हतं.

शेवटी अंधार पडल्यावर भिंतीसमोर भरलेली गाडी उभी करून हेडलाइट खाली घ्यायला लावलात. आता समोरचे डिपर मारत नाहीत. आई पुन्हा पुढच्या सीटवर बसते.

500 किलोमीटर होत आलेत. यू बोल्ट कसायला सोमवारी येतो, माल भरूनच. काढलेले जाड पाटे गोठ्यात पडलेत; एकाने सध्या म्हशीची गव्हाण टेकवलीय. दुसरा तुम्हाला काही कामाचा असेल तर सांगा, घेऊन येतो.

तुमचा,
ओतूरकडचा टोमॅटोवाला